पुण्याच्या टेकड्यांच्या हद्दी नोंदवताना

जितक्या फायली तितक्या नोंदी, असा सरळ हिशेब धरून मी पुण्याच्या टेकड्यांच्या नकाशा-फायलींच्या कॅटलॉगचं काम सुरू केलं आणि आठवड्याभरात सगळं मोडून पुन्हा मांडलं. एकाच टेकडीच्या चार फायली, चौघींच्या हद्दी वेगळ्या, आणि चारही बरोबर. कारण पुण्यात ‘संरक्षित’ हा शब्द एका कायद्यातून येत नाही.

वनखात्याची हद्द भारतीय वन अधिनियम, १९२७ मधून येते. तिथेही कलम ४ ची अधिसूचना म्हणजे नुसता इरादा, कलम २० म्हणजे राखीव वन आणि कलम २९ म्हणजे संरक्षित वन. डोंगरमाथा-डोंगरउताराची रेषा येते एमआरटीपी (महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना) कायदा, १९६६ खालच्या आराखड्यातून आणि नियमावलीतून. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नाही, हा त्यातला नेहमीचा निकष. बीडीपी, म्हणजे जैवविविधता उद्यानाचं सुमारे ९७६ हेक्टरचं आरक्षण, हे १९९७ साली पालिकेत आलेल्या गावांच्या आराखड्यातलं. गणेशखिंड उद्यान जैवविविधता वारसा स्थळ झालं २०२० साली, २००२ च्या जैवविविधता कायद्याच्या कलम ३७ खाली. गंमत म्हणजे आराखड्यात किरकोळ फेरबदल करायचे तेही एमआरटीपीच्या कलम ३७ खालीच. म्हणून नोंदीत नुसतं ‘कलम ३७’ कधी लिहू नये. कायद्याचं नाव आणि साल आधी, कलम नंतर.

तेव्हा ठरवलं, एक आदेश म्हणजे एक नोंद. टेकडी ही नोंद नाही, फाइलही नाही. फायली त्या आदेशाखाली लटकवायच्या: स्कॅन, त्यावरून गिरवलेला पॉलिगॉन (हद्दीची बंद आकृती), सातबाऱ्यावरून काढलेली गटनंबरांची यादी. ‘संरक्षित आहे का, हो किंवा नाही’ हा रकाना मी काढूनच टाकला. त्याच्या जागी कायदा, कलम, टप्पा (प्रारूप, मंजूर, फेरबदलाधीन) आणि आदेशाची तारीख. तारखा तीन लागतात: आदेशाची, राजपत्रात छापून आल्याची आणि पॉलिगॉन गिरवल्याची. बहुतेक फायलींत तिसरी तारीख पहिलीच्या जागी बसलेली असते, आणि मग कधीतरी कुणाला तरी वाटतं की आरक्षण मागच्या वर्षी पडलं.

आता प्रत्यक्ष फाइल उघडल्यावरचं. शेपफाइल (नकाशाच्या आकृत्यांची जुनी, प्रचलित फाइल) आणि तिच्याबरोबर निर्देशांक कुठल्या पद्धतीतले ते सांगणारी .पीआरजे नसेल तर आधी आकडे वाचायचे. पूर्वेचा आकडा ३,७९,००० च्या आणि उत्तरेचा २०,४८,००० च्या आसपास असेल तर ते मीटर आहेत, यूटीएम या निर्देशांक-पद्धतीचा ४३ उत्तर पट्टा, म्हणजे ईपीएसजीच्या यादीतला कोड ३२६४३. ७३.८ आणि १८.५ असतील तर अंश. अक्षांश-रेखांशाची अदलाबदल झाली असेल तर ओळखायला वेळ लागत नाही. वेताळ टेकडी नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात जाऊन पडते. फसवतात ते जुन्या टोपोशीटवरून (सर्वेक्षण खात्याच्या छापील नकाशांवरून) गिरवलेले थर. त्यांचा डेटम, म्हणजे मोजणीसाठी धरलेला पृथ्वीचा आकार आणि आधार, जुना एव्हरेस्टचा. तो जीपीएसवाला डब्ल्यूजीएस ८४ समजून उघडला तर हद्द शंभरेक मीटर सरकते. शहराच्या नकाशावर पाहिलं तर सगळं ठीकच दिसतं, पण प्लॉटवर उभं राहिलं की शेजाऱ्याचं घर वनात जातं. शिवाय पुणे ४७ एफ/१४ आणि ४७ एफ/१५ अशा दोन शीटवर विभागलंय, आणि सांधा १८ अंश ३० मिनिटांवर, पर्वतीच्या अगदी जवळून जातो. दोन शीट वेगवेगळ्या बसवल्या असतील तर त्या रेषेवर हद्दीला पायरी पडते. आधी तिथेच झूम करून बघावं.

स्कॅन केलेला आराखडा खऱ्या निर्देशांकांवर बसवताना चार ओळखीच्या बिंदूंवर थांबू नये, आठ-दहा तरी घ्यावेत आणि कागदभर पसरून घ्यावेत. ओढ्यांचे संगम फसवतात, ओढे हलवलेले असतात. जुन्या विहिरी, देवळं आणि तीन गावांच्या शिवा जिथे मिळतात ती जागा भरवशाची. क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘थिन प्लेट स्प्लाइन’ ही बसवण्याची पद्धत निवडली की चूक शून्य दाखवते म्हणून ती वापरायचा मोह होतो. ती प्रत्येक बिंदू ताणून जागेवर बसवते, त्यामुळे चुकीचा बिंदूही लपतो. आधी ‘पॉलिनॉमियल १’ ही साधी, न ताणणारी पद्धत लावून कुठला बिंदू फुटतोय ते पाहावं. आणि उगमाच्या (फाइल कशावरून केली त्या) रकान्यात मूळ नकाशाचं प्रमाण लिहावंच. १:१०,००० च्या कागदावरची अर्ध्या मिलिमीटरची रेघ जमिनीवर ५ मीटर रुंद असते.

सगळ्यात जास्त वेळ खाल्ला मराठीने. शेपफाइलच्या रकान्याच्या नावाला १० बाइट मिळतात आणि यूटीएफ-८ या युनिकोड साठवणीत देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं. कानाही चिन्हच. म्हणजे ‘गाव’ बसतं, ‘तालुका’ बसत नाही. मजकुराला २५४ बाइट, म्हणजे ८४ चिन्हं. अधिसूचनेचं नाव अर्ध्यात तुटतं. सगळं जिओपॅकेज या नव्या फाइल-प्रकारात हलवलं तेव्हा सुटका झाली. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमधली नावं कन्व्हर्टरमधून काढली तर रफार हमखास चुकतो, पर्वतीची ‘पवर्ती’ होते. आणि मग शोधात काहीच सापडत नाही.

गावाच्या नुसत्या नावावर विसंबायची तर सोयच नाही. कोंढवा खुर्द, कोंढवा बुद्रुक. वडगाव शेरी, वडगाव बुद्रुक, वडगाव खुर्द. प्रत्येक नोंदीत एलजीडी कोड (सरकारी यादीतला गावाचा क्रमांक) घालावा. त्याहून मोठा खड्डा म्हणजे ‘समाविष्ट २३ गावे’. १९९७ च्या समावेशातली शेवटी २३ उरली, आणि २०२१ साली आली तीही २३ च. बीडीपी पहिल्या तेविसांतलं. एका कार्यालयातून आलेल्या यादीत दोन्ही तेवीस एकत्र मिसळले होते. गावं एकेक करून मोजली तेव्हा लक्षात आलं.

क्षेत्रफळाचे रकाने दोन ठेवलेत: आदेशात लिहिलेलं आणि पॉलिगॉनवरून मोजलेलं. संरक्षित क्षेत्रांच्या जागतिक डेटाबेसमध्येही ते वेगळेच असतात. मोजताना वेब मर्केटर, म्हणजे ऑनलाइन नकाशांचं प्रक्षेपण, नको. पुण्याच्या अक्षांशावर तो क्षेत्र ११ टक्क्यांनी फुगवतो, १०० हेक्टरचे १११ होतात. तपासायला बारामती तालुक्यातलं मयूरेश्वर अभयारण्य सोयीचं, छोटं आणि सुटसुटीत: ५.१४ चौरस किलोमीटर, म्हणजे ५१४ हेक्टर. भीमाशंकर मात्र पुण्याच्या हद्दीवर कापू नये. ते ठाणे आणि रायगडमध्येही आहे, आणि कापलेल्या तुकड्याला मूळ अधिसूचनेचं क्षेत्र चिकटवलं की पुढचे सगळे आकडे बिघडतात.

संपर्काच्या रकान्यात पदनाम लिहितो, माणसाचं नाव नाही, बदल्या होतात. घरट्यांच्या आणि दुर्मीळ वनस्पतींच्या नेमक्या जागांचे थर कॅटलॉगमध्ये नोंदवतो, पण डाउनलोडला देत नाही. बाहेर जाते ती एक किलोमीटरची चौकट. आणि फेरबदलाचा आदेश आला की जुनी नोंद पुसत नाही. तिच्यावर ‘या तारखेपासून अमुक नोंद पाहा’ एवढा शेरा चढवतो, कारण जुन्या परवानगीचं प्रकरण निघालं की त्या दिवशीची हद्दच मागतात.