पेंढ्यावर तापलेलं पाणी

साम्सोला जायचं म्हणजे आरहूसहून हौ बंदर गाठायचं आणि तिथून तासाभराची बोट. जेमतेम चार हजार वस्तीचं हे डॅनिश बेट. एप्रिल होता, तरी वारा असा की टोपीसकट कान घेऊन जाईल. आले होते पवनचक्क्या बघायला. अडकले मात्र न्हाणीघरातल्या कढत पाण्यात.

घरमालकीणबाईंना विचारलं, बॉयलर कुठाय? त्यांनी कपाटाचं दार उघडलं. आत भिंतीतून आलेले दोन जाड पाइप, एक मीटर आणि डब्याएवढी पेटी. बस्स! आग पेटते ती गावाबाहेरच्या शेडमध्ये. तिथे पेंढ्याचे गठ्ठे जळतात, पाणी तापतं, जमिनीखालून घरोघर फिरतं आणि निवून परत येतं. पेटीत त्याची फक्त ऊब उतरून घ्यायची. आंघोळीचं पाणी वेगळं. पूर्वी तेल जाळायचे, ते बाहेरून यायचं. आता पेंढ्याचे पैसे बेटावरच्याच शेतकऱ्याला मिळतात. डेन्मार्कमधली जवळपास दोन तृतीयांश घरं अशा सामायिक उष्णतेवरच तापतात, पण बालेन आणि ब्रुंडबी या दोन गावांचं हे केंद्र खुद्द गिऱ्हाइकांच्या मालकीचं. बाई सभासद. वार्षिक सभेत दरावरून कशी जुंपते, ते त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की मला आपल्याकडची साखर कारखान्याची सभा आठवली.

1997 मध्ये साम्सो एका सरकारी स्पर्धेत जिंकलं: सगळी ऊर्जा वारा, ऊन, पेंढा अशा न संपणाऱ्या स्रोतांतून मिळवून दाखवायची. तेव्हापासून बेटाला 'शंभर टक्के हरित' म्हणतात. बक्षिसात पैसा नव्हता, नुसता मान. मग इथल्याच शेतकऱ्याचा मुलगा सोरेन हर्मनसेन लोकांना समजावत, बैठका घेत फिरला. 2000 मध्ये जमिनीवर 11 पवनचक्क्या उभ्या राहिल्या, नंतर समुद्रात 10. काही शेतकऱ्यांच्या, काहींत गावकऱ्यांचे शेअर, समुद्रातल्या निम्म्या नगरपालिकेच्या.

'शंभर टक्के हरित' हा मात्र हिशोबाचा खेळ आहे, हे सांगायलाच हवं. समुद्रातल्या चक्क्या मुळात उभारल्या त्या गाड्या, ट्रॅक्टर आणि बोटी जाळतात त्या तेलाची भरपाई म्हणून. वीज केबलने मुख्य भूमीवर जाते आणि तेवढं तेल वहीत वजा होतं. मला ही वजाबाकी मान्य आहे, पण तेल जळतंच ना! शिवाय जमिनीवरच्या चक्क्यांनी आता पंचविशी गाठलीय, म्हणजे चक्कीच्या मानाने त्या म्हाताऱ्याच झाल्या.

परतीची बोट नगरपालिकेची, द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी. डेकवर उभी राहून चक्क्या मोजायला लागले. सातपर्यंत पोचले आणि धुकं आलं.