शंभर रुपयांची वाटणी

आज निपाणीला आत्तीकडं गेलो होतो. मांडीवर सूप, त्यात तेंदूची पानं नि तंबाखू. बोलता बोलता हात चालूच. मजुरी हजार विड्यांवर, आणि 'छाट' म्हणून बाजूला काढलेल्यांचे पैसे नाहीत. मध्येच म्हणाली, "जगातला पैसा जातोय तरी कुठं रं?"

२०२२ च्या जागतिक विषमता अहवालातला हिशेब सांगितला. जगात माणसं १०० नि संपत्ती १०० रुपये धर. वरच्या १० जणांकडं ७६ रुपये, खालच्या ५० जणांत मिळून २. माणशी ४ पैसे.

"मग राहिलेले बावीस?" विड्या मोजणारीचा हिशेब, चुकतोय होय! ते मधल्या ४० जणांचे.

आपल्याकडं संपत्ती कर होता; वसुली कमी नि खर्च जास्त म्हणून २०१५ च्या बजेटमध्ये काढला. २०२४ मध्ये अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांनी जी-२० साठी मांडलं, की जगातल्या सुमारे ३,००० अब्जाधीशांनी वर्षाला संपत्तीच्या किमान २ टक्के इतका तरी कर भरावा. (मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कुणी, हे आहेच.) त्यांची संपत्ती वर्षाला त्याहून कितीतरी जास्त वाढते, म्हणून मला तर हे मागणं फारच नरम वाटतं.

आत्ती म्हणाली, "दोनच व्हय?"