इमारतवाल्यांचे संमेलन

रेल्वेच्या लहान प्रतिकृती करणाऱ्या हौशी माणसांच्या, म्हणजे पुण्यातल्या आमच्या लघुरेल्वे मंडळाचे वार्षिक संमेलन झाले की त्याचे वृत्त कोणी ना कोणी लिहितेच, आणि त्या वृत्तात इंजिनांचीच नावे असतात. कोणाच्या डेक्कन क्वीनला पूर्ण डबे होते, कोणाचे वाफेचे इंजिन वळणावर घसरले, कोणी गाडीचा वेग सांभाळणारा नवा कंट्रोलर आणला, हे सारे तपशिलाने येते. स्थानके, मालधक्के, सिग्नल केबिनी, फाटकावरच्या चौक्या आणि गँगमनच्या खोल्या बांधणाऱ्यांची बोळवण मात्र ‘देखावाही सुरेख होता’ अशा एका वाक्यात होते. मी इमारती बांधणाऱ्यांपैकी आहे. त्यामुळे या लेखात इंजिने फारशी यायची नाहीत, हे आधीच सांगून टाकतो.

संमेलन जानेवारीतल्या एका रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात भरते. दीपप्रज्वलन, स्वागत, गतवर्षीचा अहवाल आणि हिशेबाला मंजुरी हे सर्व यथास्थित पार पडते. अध्यक्ष आपल्या भाषणात दरवर्षी कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयाची आठवण काढतात, आणि ती काढायलाच हवी, कारण भाऊ जोशी यांनी १९९८ मध्ये ते लोकांसाठी उघडले, तेव्हा मोठ्या माणसांनीही हा उद्योग उजळ माथ्याने करावा, असे आमच्यातल्या अनेकांना पहिल्यांदा वाटले. त्याआधीचे आमचे सगळे शिक्षण दिवाळीतल्या किल्ल्यावर झाले होते. माती कालवणे, गोणपाटावर ती थापून कडे उभे करणे, उतारावर हळीव पेरणे आणि मावळ्यांच्या उंचीशी दरवाजाची उंची जुळत नाही म्हणून भावंडांशी भांडणे, हे ज्याने लहानपणी केले आहे तो पुढे प्रमाणाच्या बाबतीत हळवा होतोच.

प्रमाणाचा प्रश्न निघालाच आहे, तर आमच्या अभिमानाचे कारणही सांगतो. आमच्यातले बहुतेक जण एचओ प्रमाणात, म्हणजे एकास सत्त्याऐंशीच्या मापात काम करतात. या प्रमाणाचा रूळ बाजारात मिळतो तो १६.५ मिलीमीटर रुंदीचा, कारण तो परदेशातल्या १,४३५ मिलीमीटरच्या रेल्वेमार्गावरून बेतलेला आहे. आपला ब्रॉडगेज १,६७६ मिलीमीटरचा. त्याचे खरे रूप १९ मिलीमीटरांहून थोडे अधिक भरले पाहिजे. गाडीवाले ही तडजोड मुकाट्याने गिळतात आणि आपल्या गाड्या अरुंद रुळांवरून पळवतात. इमारतीला असली तडजोड करावी लागत नाही. सव्वादोन मीटरचा दरवाजा २६ मिलीमीटरचाच होतो, सुमारे ४० सेंटीमीटर लांबीचे मंगलोरी कौल पाच मिलीमीटरांच्या आत बसते, आणि फलाटाची ८४ सेंटीमीटरांची उंची एका सेंटीमीटराला किंचित कमी पडते. त्या वर्गात सर्वांत खरे काय असते, तर आमच्या भिंती. हे मी एकदा जाहीरपणे बोलून दाखवले, तेव्हा गाडीवाल्यांच्या बाजूने टाळी पडली नाही.

संमेलनातला माझा सर्वांत आवडता भाग चहानंतर येतो. कार्यक्रमपत्रिकेत त्याला ‘प्रतिकृतींची ओळख’ म्हणतात. आम्ही त्याला मापाचे भाषण म्हणतो. ज्याने इमारत बांधली त्याने तिच्याशेजारी उभे राहायचे आणि आठ मिनिटांत एवढेच सांगायचे की हिचे माप आपण कसे मिळवले. आभार मानायचे नाहीत, छंदाची थोरवी गायची नाही, कितीला पडले हेही सांगायचे नाही. हा नियम कोणी घातला ते आता कोणाला आठवत नाही, पण त्याच्याइतका शहाणा नियम मंडळाने दुसरा केलेला नाही. इमारत मोजायची म्हणजे तिच्यासमोर उभे राहावे लागते, आणि स्थानकावर मोजपट्टी उलगडली की कोणी ना कोणी ‘काय चाललंय?’ म्हणून जवळ येतोच. मग माणसे दुसरे मार्ग काढतात. कोणी आपल्या छत्रीवर रंगाने फुटांच्या खुणा करून ती भिंतीला टेकवून ठेवतो आणि लांबून फोटो काढतो, कोणी दगडाचे थर मोजून एका थराच्या उंचीने गुणतो, कोणी पावलांनी मालधक्का मोजतो. या युक्त्या सांगताना माणूस नकळत स्वतःबद्दल बोलू लागतो, आणि तेथेच मला भाषणाची गोडी लागते.

बार्शी लाइट रेल्वेच्या प्रतिकृती करणारे आमचे एक सभासद आहेत. त्यांचे वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे कारखान्यात होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज अभियंत्याने काढलेली ही अडीच फुटी, म्हणजे ७६२ मिलीमीटरची रेल्वे १८९७ मध्ये बार्शीपर्यंत सुरू झाली, पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पोचली, आणि आता त्या मार्गावर ब्रॉडगेज आहे. एचओ प्रमाणात ७६२ मिलीमीटरचे पावणेनऊ होतात आणि बाजारात नऊ मिलीमीटरचा रूळ सहज मिळतो, त्यामुळे या गृहस्थांची गाडीसुद्धा जवळजवळ खरी असते. ही गोष्ट ते आम्हाला विसरू देत नाहीत. त्यांनी त्या मार्गावरचे एक लहान स्थानक बांधायला घेतले, तेव्हा जुनी इमारत मोजायला जाग्यावर नव्हतीच. घरात एकच फोटो होता, आणि त्यात त्यांची आत्या दारालगत भिंतीला टेकून उभी होती. त्यांनी आत्याला घरी दाराच्या चौकटीशी उभे करून उंची घेतली, म्हातारपणी माणूस थोडे खचते म्हणून त्यात काही भर घातली, आणि त्या एका उंचीवरून दार, खिडक्या, छपराचा उतार आणि तिकिटाची खिडकी सगळे काढले.

भाषणाला आत्याबाई पहिल्याच रांगेत बसल्या होत्या. हिशेब सांगून झाल्यावर सभासद म्हणाले, “आत्या, जरा उभी राहा गं, लोकांना दिसू दे.” आत्याबाई उभ्या राहिल्या आणि सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, “अरे, पण तेव्हा माझ्या पायांत चपला होत्या.” सभागृहात हसू उसळले. सभासदांनी खिशातून पेन्सिल काढली, तेथेच आकडेमोड केली आणि भिंतीच्या उंचीत पाव मिलीमीटरची चूक आहे असे गंभीरपणे जाहीर केले. आत्याबाई मग आपण होऊन बोलू लागल्या. वारीच्या दिवसांत डब्यांच्या टपावरसुद्धा माणसे कशी बसत, स्थानकावरचा रांजण कोण भरी, मास्तरांच्या घरामागे कण्हेर कोणत्या बाजूला होती, हे त्यांनी सांगितले आणि घंटा वाजवायची जबाबदारी ज्यांच्याकडे होती त्यांनी ती वाजवली नाही. पुढच्या संमेलनात ते स्थानक पुन्हा आले, तेव्हा कण्हेर योग्य बाजूला होती.

दुसरे भाषण मी अनेकदा इतरांना सांगितले आहे. एका गणिताच्या शिक्षिकेने फाटकावरची चौकी आणली होती. सबंध इमारत आगपेटीहून फार मोठी नव्हती. त्यांचे वडील गेटमन होते आणि त्यांचे बालपण त्या चौकीच्या आगेमागे गेले होते, त्यामुळे त्यांना माप घ्यावे लागले नव्हते. कोणत्या वयात आपला हात खिडकीच्या गजापर्यंत पोचू लागला हे त्यांना आठवत होते, आणि शाळेच्या प्रगतिपुस्तकात उंचीची नोंद होती. आत त्यांनी एक बाज, लाल आणि हिरवा झेंडा, हातदिवा आणि धोक्याच्या इशाऱ्यासाठी रुळांवर लावायच्या फटाक्यांचा डबा केला होता. छप्पर निघते का, असे कोणीतरी विचारले. “नाही, चिकटवून टाकलंय,” त्या म्हणाल्या, “आत काय आहे ते मी सांगितलं ना?” एवढे बोलून त्या खाली बसल्या. आठ मिनिटांतली चारसुद्धा झाली नव्हती. आतले न दिसणारे सामान करावे की नाही, यावर आमच्याकडे पूर्वी वाद होत असे. त्या दिवसानंतर तो कोणी काढलेला नाही.

दुपारच्या प्रात्यक्षिकांबद्दल लिहिले नाही तर तरुण मंडळी रागावतील. सह्याद्रीतल्या काळ्या दगडाची भिंत कशी करावी हा विषय दरवर्षी असतो आणि दरवर्षी गर्दी खेचतो. फोमबोर्डाचा वरचा कागद सोलून काढायचा, शाई संपलेल्या बॉलपेनने दगडांचे सांधे दाबायचे, करडा रंग द्यायचा, पातळ काळा रंग सांध्यांत मुरू द्यायचा आणि शेवटी जवळजवळ कोरड्या ब्रशने फिकट रंग वरच्यावर फिरवायचा, ही पद्धत आता आमच्याकडच्या शाळकरी मुलांनाही येते. कौलांसाठी जाड कागदाच्या पट्ट्या वळचणीपासून वर आढ्याकडे एकावर एक चढवत न्यायच्या, खरे छप्पर शाकारतात अगदी तसे. रुळांखालच्या खडीला चाळलेली भरड रांगोळी चालते. ती बसवण्यासाठी फेव्हिकॉलमध्ये पाणी घालून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा लागतो, नाहीतर मिश्रण खडीत न मुरता वर गोळा होऊन राहते. थर्माकोलवर फेव्हिक्विक टाकून भिंतीला भोक पाडणारा एक तरी नवा सभासद दरवर्षी निघतो. थ्रीडी प्रिंटर आणि लेझर कटर आल्यापासून खिडक्यांच्या जाळ्या आणि छपराखालच्या नक्षीच्या पट्ट्या फार सुबक होऊ लागल्या आहेत, हे मी मान्य करतो, पण छापलेल्या भिंतीवर पानाची पिचकारी कोणत्या कोपऱ्यात असावी हे यंत्राला कळत नाही, हेही नोंदवून ठेवतो. जर्मन खेड्यांतल्या लाकडी पट्ट्यांच्या घरांचे तयार संच जोडून ती कर्जतच्या फलाटामागे उभी करण्याची पद्धत आमच्याकडे जवळजवळ बंद झाली आहे, आणि याचे श्रेय मापाच्या भाषणाला आहे असे माझे मत आहे, कारण त्या घरांबद्दल आठ मिनिटे बोलायला कोणाकडे काही नसे.

महत्त्वाकांक्षी माणसांचीही आमच्यात वाण नाही. अभियांत्रिकीच्या एका विद्यार्थ्याने कोकण रेल्वेवरचा पानवल नदीचा पूल करायचा ठरवला. मूळ पूल ४२४ मीटर लांब आणि ६४ मीटर उंच. आमच्या प्रमाणात तो जवळजवळ पाच मीटर लांब आणि ७४ सेंटीमीटर उंच होतो. घरी जागा नव्हती म्हणून त्याने एकच खांब आणला आणि तो टेबलावर न ठेवता जमिनीवर उभा केला, म्हणजे रूळ टेबलाच्या पातळीला येतील. दुसऱ्या एकांनी फ्रेडरिक स्टीव्हन्सने रेखाटलेल्या बोरीबंदरच्या स्थानकाची एकच कमान केली आहे. ती ते दरवर्षी आणतात, दरवर्षी तिच्यात एखादे पान किंवा पक्षी वाढलेला असतो, आणि मूळ इमारतीला १८७८ पासून दहा वर्षे लागली होती, असे ते विचारणाऱ्यांना ऐकवतात.

उपस्थितीविषयी लिहू नये असे मला सांगण्यात आले होते, पण ते लिहिल्याशिवाय ही आठवण पुरी होत नाही. सकाळी गाड्या धावत असतात तेव्हा वर्गात उभे राहायला जागा नसते. मापाची भाषणे सुरू होतात तेव्हा खुर्च्या मोकळ्या पडतात आणि कंट्रोलर खोक्यांत भरल्याचे आवाज मागून येत राहतात. क्रिकेटचा सामना असला तर विचारायलाच नको. नोंदवहीत सही करून चहाआधी निघून जाणाऱ्यांत मंडळाचे पदाधिकारीही असतात. ज्या वर्षी त्या शिक्षिकाबाई बोलल्या, त्या वर्षी मी मागे वळून पाहिले तेव्हा तिसऱ्या रांगेपलीकडे कोणी नव्हते. आता अनेक जण ‘मी होतो तेव्हा’ असे सांगतात, ते मी ऐकून घेतो.

साहाय्यकांची नावे छापायची नाहीत असा मंडळाचा ठराव आहे, कारण एका वर्षी दोन नावे राहिली आणि त्या दोघांनी पुढे वर्गणी भरली नाही. म्हणून कामांवरून सांगतो; ज्याचे त्याला कळेल. रविवार असूनही सकाळी सहाला वर्ग उघडून देणारे शाळेचे शिपाईमामा. घडीची टेबले करून देणारे आणि दरवर्षी त्यांचे पाय समपातळीत आणून देणारे सुतारकाका. बारा व्होल्टची जोडणी पाहणारे आणि कोणी तारेला हात लावला की ओरडणारे वायरमन. अप्पा बळवंत चौकातले दुकानदार, जे माउंटबोर्डाचे कोपरे दुमडलेले तक्ते आमच्यासाठी बाजूला काढून ठेवतात. जुनी टोकदार हत्यारे देणाऱ्या दंतवैद्य बाई, ज्यांच्यामुळे आमच्या खिडक्यांचे कोपरे स्वच्छ निघतात. सिग्नलचा हात कोणत्या कोनात झुकावा हे तपासून सर्वांसमोर चुका काढणारे निवृत्त सिग्नल निरीक्षक. पिवळ्या पाट्यांवर स्थानकांची नावे आणि समुद्रसपाटीपासूनची उंची भिंगाखाली लिहून देणाऱ्या कलाशाखेच्या दोघी मुली. उपमा आणि चहा करणाऱ्या काकू व त्यांच्या हाताखालच्या सुनबाई. आणि ज्या घरांतले जेवणाचे टेबल नोव्हेंबरपासून जेवायला मिळत नाही त्या घरांतली सगळी माणसे.

सामानाचा टेम्पो चालवणारे दादा या यादीत यायलाच हवेत, कारण कात्रजच्या चढावर मागे बसून त्यांनी एका हाताने सिग्नल केबिन धरून ठेवली होती आणि तेवढ्यापुरते सुकाणू आपल्या पुतण्याकडे दिले होते. पडदे धुऊन आणणारे लाँड्रीवाले राहिले होते, तेही आले. खजिनदारांच्या सासूबाईंनी गेल्या वर्षी टाचण्या दिल्या होत्या. त्या परत करायच्या आहेत, हे पुढच्या बैठकीत घेतले जावे.