३४व्या वर्षी पिंपल्स!

आज शेवटी सात रस्त्याकडच्या त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे जाऊन आले. हनुवटीवर आणि जबड्याच्या कडेनं, पाळीच्या आठवडाभर आधी ठरल्यासारखे येणारे ते ठणकणारे फोड. घरात सासूबाईंचं निदान तयारच होतं, "शेंगाचटणी कमी कर." सोलापुरात राहून?

डॉक्टरांनी चटणीला सोडून दिलं. म्हणाल्या, गोड आणि मैद्यावर लक्ष ठेवा. या वयात बायकांना बऱ्याचदा हार्मोन्समुळे होतं. पाळी अनियमित असेल तर पीसीओएसची (हार्मोन्स बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास) तपासणी करून घ्यायची. मग विचारलं, "आत्तापर्यंत काय लावलंत?" मी पर्समधून मेडिकलवाल्यानं दिलेली ट्यूब काढली. चष्मा वर करून त्यांनी मागचं बारीक अक्षर वाचलं. स्टेरॉइड! आधी चेहरा छान दिसतो, मग कातडी पातळ होते आणि त्याचेच फोड येतात. मी तर ती दोन मैत्रिणींनाही सुचवली होती. (बायांनो, फेकून देण्याआधी डॉक्टरांना दाखवा.)

आता रात्री वाटाण्याएवढं अ‍ॅडापलीन (पिंपल्सवर लावायचं औषध), तेही अख्ख्या चेहऱ्याला. नुसत्या फोडावर टिकली लावायची नाही. दिवस राहण्याचा विचार असेल तर मात्र हे चालत नाही. सकाळी २.५ टक्के बेन्झॉइल पेरॉक्साइड (पिंपल्सचे जंतू मारणारं औषध), वर सनस्क्रीन. फरक दिसायला ८ ते १२ आठवडे.

आणि हो, बेन्झॉइलनं कपड्यांचा रंग उडतो. घरी येऊन पहिलं काम केलं ते माहेरचा मरून रंगाचा सोलापुरी टॉवेल कपाटात टाकायचं.

रात्री भाकरीबरोबर चटणी दोनदा वाढून घेतली. सासूबाईंसमोरच.