फलटणच्या वाटेवरचं पाणी

वारीत दिवे घाट चढलो, जेजुरीत भंडारा अंगावर घेतला, नीरेत माउलींच्या पादुकांचं स्नान लांबून का होईना पण बघितलं, चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं. हे सगळं तुम्हाला माहितीये, आणि फोटोही सगळ्यांकडे आहेत. मला लिहायचंय ते तरडगाव ते फलटण या मधल्या एका दुपारबद्दल.

आदल्या दिवशी पावसात मोजे भिजलेले, त्यामुळे दोन्ही तळपायांना फोड, आणि त्या दिवशी पाऊस कुठे गायबच झाला, डांबर नुसतं तापलेलं. आमची दिंडी रथाच्या मागे. पुढचे थांबले की आम्ही थांबायचं, पुढचे पळाले की आम्ही पळायचं, आणि फोड आलेल्या पायाला सरळ चालणं एकवेळ जमतं, थांबून परत पहिलं पाऊल टाकणं नाही जमत. त्यात गाड्यांचे भोंगे, बिस्किटांचे पुडे वाटणारे आणि ते खाऊन कागद तिथेच टाकणारे, आणि पुढच्या मावशींच्या पिशवीतली छत्री सारखी माझ्या दंडाला टोचत होती. दोनदा सांगितलं, त्यांना टाळांच्या आवाजात ऐकूच जाईना. तोंडाने अभंग चालू होता आणि मनात त्या छत्रीशी भांडण. अभंग खोटा नव्हता आणि रागही खोटा नव्हता.

सुरवडी मागे पडली आणि नंतर कधीतरी रस्त्याला लागूनच एक वस्ती दिसली. विहिरीची मोटार चालू होती, पाइपातून पाणी उसाच्या सरीत पडत होतं. मी काही न विचारता बांधावर बसले आणि पाय पाण्याखाली धरले. देवाशपथ सांगते, पाणी गार लागतं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. आधी झोंबलं, मग पोटऱ्यांपर्यंत सगळं सैल पडत गेलं, आणि मला एकदम हसूच यायला लागलं, कारण काही नाही, फक्त पाणी.

घरातून एक आजी आल्या. "आवो माउली, चिखलात कशाला बसलाय, वर या की." मला बाजेवर बसवलं आणि माझा पाय सरळ स्वतःच्या मांडीवर घेतला. मी ओढून घेतला तर ओरडल्या, "गप ऱ्हावा." सुईत दोरा ओवला, खोबरेल तेलात बुडवला, फोडाच्या एका कडेनं घालून दुसऱ्या कडेनं काढला आणि दोरा तसाच आत ठेवला. "पाणी आपसूक जाईल. कातडं सोलायचं न्हाय, काय?" मग दुसरा पाय. मग तेल. हे सगळं चालू असताना सुनेला हाका मारून चहा ठेवायला लावला, गुळाचा, कोरा. आणि चतकोर भाकरी, वर तेल, मीठ, तिखट. मी फलटणचं जेवणही जेवले आणि पंढरपुरात पुरणपोळीही खाल्ली, पण जीभ आठवण काढते ती त्या चतकोराची.

मी विचारलं, तुम्ही नाही का वारीला येत? "म्हशी कुणाकडं टाकू?" एवढंच म्हणाल्या, त्यात दुःख वगैरे काही नव्हतं, खरोखर म्हशींचाच प्रश्न होता. माझे ओले मोजे बघून आत गेल्या आणि नातवाचे शाळेचे मोजे घेऊन आल्या, पांढरे, वर निळी पट्टी. कोरडे मोजे! पुढे वाखरीपर्यंत मी तेच धुऊन धुऊन घातले. निघताना मी वाकायच्या आधी त्याच माझ्या पाया पडल्या. सत्तरीची बाई. वारीत असतंच हे, तरी मला ते सोसलं नाही, मी तिथेच बांधावर उभी राहून रडले आणि मग दिंडी गाठायला परत तेच डांबर.

संध्याकाळी फलटणच्या विमानतळावर तळ. समाजआरतीला जायची ताकद नव्हती, तंबूतच पडून होते. चोपदारांनी दंड वर केला असणार, कारण एवढ्या गर्दीचा आवाज एका क्षणात बंद झाला, आणि मग हरवल्या-सापडल्याचं पुकारणं सुरू झालं. आमच्या तंबूत मात्र चार्जिंगच्या एका बोर्डावरून कडाक्याची भांडणं, आणि नेमक्या त्या छत्रीवाल्या मावशी माझ्या शेजारी घोरत होत्या. झोप लागली तेव्हा बारा तरी वाजले असतील.

पहाटे तीनला कुणीतरी गदागदा हलवलं. त्याच मावशी. टँकरपाशी रांग लागायच्या आधीच उठून त्यांनी आचाऱ्याच्या चुलीवर दोन बादल्या पाणी तापवून आणलं होतं. "पाय दुखतायत ना तुझे? ऊठ, गार व्हायच्या आत उरक बाई, काकडा सुरू होईल."