बारदानाची बाही

कांद्याच्या हंगामात लासलगावकडच्या कोणत्याही व्यापाऱ्याच्या खळ्यावर बारदानाचे गठ्ठे पडलेले असतात आणि त्याच बारदानाने काही वर्षांपूर्वी माझ्या हातून एक चूक घडवली. मखमलाबादला मित्राच्या द्राक्षबागेवर राखणीसाठी ठेवलेल्या जर्मन शेफर्डला आम्ही चावा धरायला शिकवत होतो. चाव्याच्या सरावासाठी मिळणारी विकतची स्लीव्ह, म्हणजे शिकवणाऱ्याने हातावर चढवायची जाड बाही, महाग वाटली, म्हणून पाण्याच्या पाइपाच्या तुकड्यावर कांद्याच्या गोण्या गुंडाळून, दाभणाने शिवून, आम्ही घरीच एक बाही तयार केली. माझ्या हाताला फक्त निळा डाग पडला. पण विरळ विणीच्या त्या गोणीत कुत्र्याचा सुळा अडकला, त्याने घाबरून मान हिसडली आणि हिरडीतून रक्त आले. पुढे कित्येक दिवस तो गोणपाट पाहिले तरी मागे सरत असे.

हे साहित्य माणसाइतकेच कुत्र्याच्या जबड्यासाठीही घडवलेले असते, हे मला त्या दिवशी उमगले. चांगल्या स्लीव्हच्या आत कडक नळकांडे, कोपराला आधार आणि मुठीत धरायची दांडी असते. वर घट्ट विणीच्या तागाचे, झिजल्यावर बदलता येणारे आवरण असते. मनगट आणि कोपर यांच्यामध्ये पाचरीसारखा उंचवटा दिलेला असतो, जेणेकरून कुत्र्याने तोंड पूर्ण उघडून दाढांपर्यंत पकड घ्यावी. नुसत्या पुढच्या दातांनी धरणारा कुत्रा सतत पकड बदलतो, त्यात कातडी फाटते आणि दातही दुखावतात. उलट भरल्या तोंडाने धरणारा कुत्रा शांत राहतो आणि ‘छोड’ म्हटल्यावर सोडायलाही लवकर शिकतो. ताग खरखरीत असल्यामुळे त्यावरून दात घसरत नाहीत आणि तो थोडा दबतोही, म्हणून नवशिक्या कुत्र्याला तोच सोयीचा; गुळगुळीत कृत्रिम कापड टिकाऊ असले, तरी ते अनुभवी जबड्यासाठी ठेवावे.

स्लीव्हवरच फार काळ सराव केल्यास कुत्र्याला माणसापेक्षा बाहीचीच ओढ लागते आणि समोरच्याच्या हातात ती नसेल, तर तो गोंधळतो. म्हणून पुढच्या टप्प्यावर जाकीट आणि विजार असलेला बाइट सूट, सदऱ्याखाली लपवायची पातळ बाही आणि तोंडाला मुसके बांधून केलेला सराव यांचा उपयोग करतात. पोलिसांच्या बंदोबस्तात आपल्याला दिसणारी पुष्कळशी श्वाने मात्र स्फोटके हुंगण्याच्या किंवा माग काढण्याच्या कामाची असतात. स्फोटके शोधणाऱ्या श्वानाला तर वास लागताच गुपचूप बसायलाच शिकवतात.

सूट घातला म्हणजे आपण सुरक्षित झालो, असे मानणाऱ्या तरुणांची मला मनापासून काळजी वाटते. दात आत शिरत नाहीत, पण दाब आत पोहोचतोच आणि दंडावर काळेनिळे वळ उठतात. चेहरा व गळा उघडाच असतो, हातांचे पंजे लांब बाह्यांच्या आत ओढून घ्यावे लागतात. याहून महत्त्वाचे म्हणजे झेप घेणाऱ्या कुत्र्याला ताठ उभे राहून झेलायचे नसते. त्याच्या वेगाच्या दिशेनेच अंग वळवून तो झोक जिरवायचा असतो, नाहीतर त्याच्या मानेला आणि मणक्याला बसणारा हिसका कोणतेही कापड वाचवू शकत नाही. मे महिन्यात नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा त्या जाड सुटात माणूस आणि धापा टाकणारा कुत्रा दोघांनाही उष्माघाताचा धोका असतो, म्हणून आम्ही उजाडताच सराव उरकतो. आम्ही सर्वांनी रेबीजची प्रतिबंधक लसही घेतली आहे.

दर रविवारी मी आवरण उन्हात वाळवतो आणि शिवण बोटांनी चाचपून पाहतो. सैल दोरा दिसला की तेथेच टाका घालतो. मित्राने आता त्याच जातीचे एक पिल्लू आणले आहे. ते पाच महिन्यांचे आहे, त्याचे दुधाचे दात पडत आहेत आणि जुन्या आवरणाचा तुकडा पाहून ते शेपूट हलवते. पण सुळे पक्के येईपर्यंत त्याच्याशी ओढाओढी करायची नाही, असे आम्ही ठरवले आहे.