बूट उभं राहून निवडायचे

परवा भाच्याचा मेसेज आला. "मावशी, मोटरसायकलवर ऑफ-रोडला, कच्च्या वाटांवर जायला बूट घ्यायचेत. यातले कुठले घेऊ?" सोबत चार फोटो, चारही जोड दिसायला देखणे. मी विचारलं, घालून बघितलेस का? म्हणाला, "हो, चालून बघितलं. एक जोड तर इतका मऊ आहे की पायात काही आहे असं वाटतच नाही." तो जोड घेऊ नकोस, एवढं त्याला लगेच सांगितलं. का, ते फोनवर नीट सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहितेय.

बूट आपण बसून पायात घालतो, चार पावलं चालतो आणि घेतो. ऑफ-रोडला मात्र त्या बुटांत बसणं कमी आणि चालणं त्याहून कमी. तासन् तास फूटपेगवर, म्हणजे गाडीच्या पाय ठेवायच्या दांड्यांवर उभं राहायचं असतं, गुडघे किंचित वाकलेले, अंग पुढे झुकलेलं. सगळं वजन तळव्यावरच्या दोन-तीन बोटं रुंदीच्या पट्टीवर येतं आणि खालून पेगचे दात. त्या अवस्थेत जो बूट सुखाचा, तो आरामदायक. खुर्चीत बसल्यावर जो मऊ लागतो, त्याच्या मऊपणाला इथे किंमत नाही.

सुरुवातीची दोन वर्षं मी ट्रेकिंगच्या बुटांवरच काढली. घोट्याच्या वर येणारे, जाड सोलचे, डोंगरात कधी दगा न दिलेले. एकदा आम्ही दोघं कोरड्या नदीपात्रातून गोल गोट्यांवरून चाललो होतो. वेग माणसाच्या चालण्याइतका. पुढचं चाक गोट्यावरून सटकलं, गाडी डावीकडे कलली, मी पाय टेकवला आणि तो नेमका दोन दगडांच्या बेचक्यात गेला. वरून गाडी आली. पेग घोट्याच्या आतल्या बाजूला रुतला आणि सोल दोन्ही बाजूंनी चेपला गेला. पाय ओढून काढायला गेले तर निघेना. सोबत्याने गाडी उचलल्यावर दिसलं, लेसची गाठ गिअर लिव्हरच्या टोकाला अडकली होती. हाड मोडलं नाही, पण लिगामेंट इतकं ताणलं गेलं की सहा आठवडे पायात ब्रेस होता. घोट्याची सूज उतरल्यावरही जिना उतरताना कितीतरी दिवस भीती वाटायची.

तेव्हा लक्षात आलं की ट्रेकिंगचा बूट चालण्यासाठी बनलेला असतो. तो चवड्यापाशी वाकतो, थोडा पिळतो, कारण चालताना पायाला ते लागतं. दीडशे-दोनशे किलोची गाडी आडवी पायावर येईल हे तो बनवणाऱ्याच्या मनातही नसतं. जोरात पडलं तरच पाय मोडतो असंही नाही. चालत्या वेगात, जवळजवळ उभ्या गाडीखालीही पाय अडकतो आणि तिथे हेल्मेट, जॅकेट काही कामाचं नसतं.

म्हणून बूट हातात घेतला की मी आधी त्याला पिळून बघते. एका हातात टाच, दुसऱ्या हातात चवडा, आणि ओलं कापड पिळतो तसा जोर. सहज पिळला तर तो परत ठेवायचा. मग सोल दोन्ही तळहातांमध्ये धरून बाजूंनी दाबायचा. मग अंगठ्याने घोट्याची जागा, आतून आणि बाहेरून. तिथे नुसता फोम लागतोय की खाली कडक वाटी आहे, हे बोटाला कळतं. नडगीवरची प्लेट किती खाली येते तेही बघायचं, कारण पुढच्या चाकाने उडवलेला दगड नडगीवरच बसतो.

आत, बहुधा जिभेवर, एक लेबल असतं. मोटरसायकलच्या बुटांसाठी ईएन १३६३४ हे युरोपीय मानक आहे. त्याच्या २०१७ च्या आवृत्तीनुसार लेबलवर गाडीस्वाराचं छोटं चित्र आणि त्याखाली चार आकडे, प्रत्येक १ किंवा २. पहिला बुटाच्या उंचीचा, दुसरा घासलं जाण्याला किती टिकतो त्याचा, तिसरा धारदार वस्तूने कापलं जाण्याचा, आणि चौथा बाजूंनी चेपलं जाण्याला सोल किती विरोध करतो त्याचा. मी आधी चौथा आकडा बघते. नदीपात्रात माझ्या पायाला तोच कमी पडला होता. त्याच्या जोडीला आयपीए ही अक्षरं असली तर घोट्याच्या संरक्षणाची वेगळी चाचणी झालेली असते, आयपीएस असली तर नडगीची. डब्ल्यूआर म्हणजे पाण्याला विरोध. लेबल नसलेला बूट वाईटच असेल असं नाही, पण मग सगळी परीक्षा आपल्या हातांनीच घ्यावी लागते.

दुखापतीनंतर मी थेट दुसऱ्या टोकाला गेले आणि पूर्ण मोटोक्रॉसचे, म्हणजे मातीच्या ट्रॅकवरच्या शर्यतीचे बूट घेतले. गुडघ्याखालपर्यंत प्लॅस्टिकचं कवच, चार बकल. पाय सुरक्षित होता यात शंका नाही. पण मागचा ब्रेक किती दाबला जातोय ते पायाला कळेना. उतारावर चाक लॉक व्हायचं तेव्हाच समजायचं. गाडी चिखलातून ढकलायची वेळ आली की सपाट सोल घसरायचा. मोटोक्रॉसची एक शर्यत साधारण अर्ध्या तासाची. तिथला स्वार गाडीवर चढतो, जीव तोडून चालवतो आणि उतरतो, त्याला दिवसभर गाडी ढकलत चालायचं नसतं. बूट चांगलाच होता, माझं काम वेगळं होतं. पूर्ण दिवसाच्या रपेटीत दहा वेळा उतरावं लागतं. वाट शोधायला पुढे चालत जावं लागतं, सोबत्याची गाडी काढावी लागते.

आता सहा वर्षं जो जोड वापरतेय तो या दोन्हींच्या मधला आहे. घोट्यापाशी बिजागरी, जी पाय पुढे-मागे हलू देते आणि आत-बाहेर मुरगळू देत नाही. बिजागरीचा बूट निवडायचा तर ही एक गोष्ट मनात पक्की ठेवावी, पुढे-मागे मोकळीक आणि बाजूला कुलूप. घोटा सगळीकडून जखडला तर मार नाहीसा होत नाही, तो वर सरकतो, नडगीकडे आणि गुडघ्याकडे. याच कारणाने मी नी-गार्ड घातल्याशिवाय बूट घालून बघतही नाही. माझी पोटरी भरलेली आहे. नुसत्या पायावर वरचं बकल छान बसतं आणि नी-गार्ड चढवलं की शेवटच्या खाचेतही लागत नाही, असं दोन जोडांच्या बाबतीत झालंय. बायकांच्या पोटरीचा फुगीर भाग थोडा खाली असतो, आणि बूट मात्र बहुतेक वेळा पुरुषांच्या मापावर कातलेले. मैत्रिणींनो, पायाच्या लांबीआधी पोटरीचा घेर मोजून घ्या.

मापासाठी संध्याकाळी जावं. दिवसभरात पाय सुजतो, गाडीवर उभं राहून तर जास्तच. मोजे गाडीवर घालतो तेच, लांब आणि लोकरीचे. सुती मोजा घाम धरून ठेवतो, आणि ओल्या कातडीला घर्षण झालं की फोड ठरलेला. युरोपीय मापात एक नंबर म्हणजे सुमारे ६.७ मिलिमीटर. त्यामुळे दोन नंबरांच्या मध्ये अडकलात तर बूट मोठा घेऊन इनसोल बदलता येतो, पण लहान बूट कधीही सैल होत नाही. निदान प्लॅस्टिकचं कवच असलेला तरी नाही. चामडं पायाचा आकार घेतं, प्लॅस्टिक घेत नाही.

आता मुख्य परीक्षा. बूट चढवा, सगळी बकल लावा आणि जिन्याच्या पायरीच्या कडेवर उभे राहा. टाच आणि चवडा दोन्ही अधांतरी, फक्त तळव्याचा मधला भाग कडेवर. कठड्याला धरा. गुडघे वाकवा, कमरेतून पुढे झुका, गाडीवर असतो तसे. दहा मिनिटं. हो, पूर्ण दहा मिनिटं, घड्याळ लावून. सोलच्या आत कडक पट्टी नसेल तर तिसऱ्या मिनिटाला तळव्याच्या मध्यावर कड टोचायला लागते. पट्टी चांगली असेल तर वजन पूर्ण पायावर पसरतं आणि दुखायला लागतात ते मांडीचे स्नायू, पाय नाही. याच वेळी बूट कुठे चावतो तेही कळतं. करंगळीच्या मुळाशी चावत असेल तर साचा तुमच्या पायाला अरुंद आहे, तो जोड सोडा. नडगीवर पुढून टेकत असेल तर बकल एक खाच सैल करून बघा. टाच आत उचलली जात असेल तर माप मोठं आहे किंवा घोट्याची पकड सैल. मग पायरीवरच चवडा खाली दाबा, ब्रेक मारतो तसा. डाव्या पायाची बोटं वर उचला, गिअर टाकतो तशी. नवा बूट कडक लागेल, ते ठीक. पण ही हालचाल मुळातच होत नसेल तर वापरून वापरून होईल या आशेवर राहू नका.

वॉटरप्रूफ घ्यावेत का, हे हमखास विचारतात. पाऊस, दव, ओलं गवत, थंडी यासाठी जरूर घ्यावेत. आतला मेम्ब्रेन, म्हणजे पाणी अडवणारा पातळ पडदा, बाहेरचं पाणी आत येऊ देत नाही. मात्र तोच मेम्ब्रेन वरून शिरलेलं पाणी बाहेरही जाऊ देत नाही. गुडघाभर पाण्यातून गाडी काढली की बूट भरतो आणि दिवसभर आत चुबुक-चुबुक. माझ्या वाटांवर पाणी खोल असतं, म्हणून मी साधे बूट घेते आणि बॅगेत वॉटरप्रूफ मोजे ठेवते. बूट पाणी गाळून टाकतो, मोजे पाय कोरडे ठेवतात.

टिकाऊपणाकडे बघताना मी आता कवचाकडे कमी आणि सोलकडे जास्त बघते. नुसता चिकटवलेला की शिवलेला? झिजल्यावर बदलता येतो का? बकल, पट्टे, बिजागरीचे स्क्रू सुटे मिळतात का? हे घेण्याआधीच विचारायचं. सोल बदलून तोच बूट पुन्हा वापरायचा, ही रीत डोंगरी बुटांमध्येही आहे, आणि या बुटांचं त्यांच्याशी जुनं नातं आहे. १९३५ मध्ये आल्प्समध्ये सहा सहकारी दगावले, त्या घटनेनंतर विताले ब्रामानी यांनी खोल खाचांचा रबरी सोल तयार केला आणि १९३७ मध्ये व्हिब्राम ही सोल बनवणारी कंपनी सुरू झाली. उत्तर इटलीतलं आसोलो आणि आसपासचा परिसर डोंगरी पादत्राणांचा. तिथेच १९६३ मध्ये मोटरसायकलच्या बुटांसाठी ओळखल्या जाणाऱ्या आल्पिनस्टार्स कंपनीची सुरुवात झाली, तीही गिर्यारोहणाच्या बुटांपासून. मोटोक्रॉसचे बूट नंतर आले.

आणि जपून ठेवलेला बूट टिकतो, हा समज मनातून काढा. माझे ते मोटोक्रॉसचे बूट मी घासूनपुसून पिशवीत घट्ट बांधून ठेवले होते. चार वर्षांनी एका मैत्रिणीला द्यायला काढले. वरून नव्यासारखे. तिने पाय घालून दोन पावलं टाकली आणि सोलचा मधला थर भुसभुशीत मातीसारखा जमिनीवर सांडला. पॉलियुरेथेनच्या फोमचं हे असंच होतं, हवेतली आर्द्रता त्याचे रासायनिक बंध हळूहळू तोडत राहते. म्हणून सवलतीत मिळणारा जुना साठा घेताना बनावटीची तारीख विचारा, आणि घेतलेला बूट वापरात ठेवा, हवेशीर जागी.

माझ्या आताच्या जोडाकडे बघितलं तर सहा वर्षं वाचता येतात. डाव्या चवड्यावर गिअर लिव्हरने घासून गुळगुळीत केलेला रुपयाएवढा डाग. उजव्या पोटरीच्या आतल्या बाजूला रबरावर सायलेन्सरचा वितळलेला चट्टा. ते रबर नसतं तर चट्टा कातडीवर असता. उजव्या पायाचं सगळ्यात खालचं बकल वेगळ्या रंगाचं आहे. तेच नेहमी दगडाला लागतं, म्हणून एक जादा बकल आणि दोन झिप-टाय माझ्या टूल-किटमध्ये कायम असतात. चिखलाच्या दिवसानंतर इनसोल काढते, आत वर्तमानपत्राचे बोळे भरते आणि सावलीत ठेवते. उन्हात किंवा हीटरजवळ नाही, चामडं तडकतं.

भाच्याने काल पायरीवर उभं राहून बघितलं. मऊ जोड चौथ्या मिनिटाला टोचायला लागला म्हणे. चारपैकी जो त्याला सगळ्यात कमी आवडला होता, तो दहा मिनिटं टिकला, तोही अर्धं माप वर घेतल्यावर. आज पुन्हा फोन, "मावशी, नवा बूट लिव्हरखाली जातच नाहीये, गिअर वर पडत नाही." त्याला म्हटलं, बूट बरोबर आहे. चवडा जाड आहे, म्हणून लिव्हर शाफ्टवर एक दात वर घे, ब्रेक पेडलची उंचीही त्याच बुटांत उभं राहून लाव, आणि मग मला सांग.